११ डॉलरचा ‘सत्याग्रह’, बुकलेटशिवाय

संगीतकार फिलिप ग्लासच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेराचा तीन सीडींचा संच मी मॅनहॅटनमधल्या एका जुन्या सीडी-रेकॉर्डच्या दुकानातून ११ डॉलरला उचलला. डब्यावर ‘पूर्ण संच’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. पेन स्टेशनला गाडीची वाट बघत डबा उघडला, तर तिन्ही तबकड्या जागच्या जागी, बुकलेट मात्र नाही. त्याच्या जागी कुठल्याशा लाँड्रीची पावती. चार शर्ट, एक कोट. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला तर पलीकडचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, “संगीत पूर्ण आहे ना?” विषय संपला.

एरवी मी हे मनावर घेतलं नसतं. पण हा अमेरिकन ऑपेरा सगळाच्या सगळा संस्कृतात आहे. रंगमंचावर गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि पात्रांच्या तोंडी भगवद्गीता. गांधी झालेला गायक स्वतःबद्दल एक वाक्य बोलत नाही, श्लोक गातो. कस्तुरबा श्लोक गाते, गांधीजींचे जर्मन मित्र कालेनबाख श्लोक गातात, डर्बनचा चवताळलेला गोरा जमावसुद्धा श्लोकच गातो. हे श्लोक निवडून संहिता बांधली कॉन्स्टन्स डीजाँग या लेखिकेने. तेव्हा हातात कागद नसेल तर कोण काय म्हणतंय याचा पत्ता लागणं कठीण.

मी मनात म्हटलं, आपलं काय अडतंय? बारावा आणि पंधरावा अध्याय शाळेत पाठांतर स्पर्धेसाठी घोकलेला आहे. बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा अजून आमच्याकडे तूरडाळीला आहे. त्या जोरावर पहिली सीडी गाडीत लावली.

मी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत रात्रपाळी करते. जायला पस्तीस मिनिटं, यायला पस्तीस, दोन्ही वेळा न्यू जर्सी टर्नपाइक. ऑपेराची सुरुवात एकट्या गांधींपासून होते: खाली मंद, खर्जातली तंतुवाद्यं आणि त्यावर टेनरचा, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाचा आवाज, अगदी सावकाश. टर्नपाइकवर टायरचा आवाजही त्याच पट्टीतला असावा, कारण पहिली चार-पाच मिनिटं मला फक्त टायर ऐकू आले. आवाज वाढवला. मग मागून कोरस आला तो अंगावरच. एका टोल नाक्यापासून दुसऱ्यापर्यंत मला एकही शब्द कळला नाही. एकही! पाठांतराचा डबा मनातल्या मनात परत केला. गाडीत ऐकायची ही चीज नव्हे, एवढं पहिल्या रात्रीच ठरलं.

रेकॉर्डिंग १९८५ सालचं, सीबीएस मास्टरवर्क्सचं. वाद्यवृंद आणि कोरस न्यूयॉर्क सिटी ऑपेराचा, कंडक्टर क्रिस्टोफर कीन, गांधींच्या भूमिकेत टेनर डग्लस पेरी. ५ सप्टेंबर १९८० ला रॉटरडॅममध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हाही गांधी पेरीच होता, त्यामुळे भूमिका त्याच्या गळ्यात मुरलेली आहे. आवाज हलका, सरळ, ऑपेरावाल्यांची ती छाती फुगवणारी कंपनं त्यात फारशी नाहीत. गांधींना हा आवाज शोभतो. पुढे २०११ मध्ये मी मेट्रोपॉलिटन ऑपेरात रिचर्ड क्रॉफ्टचा गांधी ऐकला, तो अधिक मऊ आणि गोलाई असलेला. दोघांतला मला पेरी जास्त आवडतो, कारण त्याच्यात थोडी वकिली आहे.

रविवारी जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून बसले. शेजारी वडिलांची गुटका गीता, मेटच्या त्या प्रयोगाचं जपून ठेवलेलं माहितीपत्रक, आणि पेन्सिल. माहितीपत्रकात प्रवेशांची नावं आणि सालं होती, श्लोक नव्हते. ते कानाने शोधायचे होते. पहिला सापडायला तीन वेळा मागे जावं लागलं. आणि सापडला तेव्हा हसू आलं: ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं य एतेऽत्र समागताः’. पहिला अध्याय, तेविसावा श्लोक. अर्जुन म्हणतो, बघू तरी कोण कोण लढायला जमलेत. तेच वाक्य गांधींच्या तोंडी, आणि जमलेले म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले गोरे आणि हिंदी.

आता उच्चारांचं बोलू, कारण मराठी माणूस हे ऐकायला बसला की पहिली तक्रार तीच येणार. माझ्या कानाला तरी इथे ‘ध’चा ‘द’ होतो, ‘भ’चा ‘ब’ होतो, ‘ण’ आणि ‘न’ यांच्यात काही फरक उरत नाही. कोरस गातो तेव्हा जोडाक्षरं पिठासारखी चाळून निघतात. ऱ्हस्व-दीर्घाची तर बोलायची सोय नाही. ऱ्हस्व अक्षर संगीताच्या गरजेप्रमाणे पुरी चार आवर्तनं ताणलं जातं. आमच्या संस्कृतच्या बाईंनी ऐकलं असतं तर सगळ्या कोरसला बाकावर उभं केलं असतं. यात गायकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्यांची ही भाषा नाही, ज्यांना ती पुन्हा कधी गायची नाही, त्यांनी दोन तासांहून अधिक संस्कृत तोंडपाठ करून गायलं आहे. पण गीतापठण म्हणून कुणाला भेट द्यायचा विचार असेल तर देऊ नका. सासूबाईंना तर मुळीच नको.

ग्लासला शब्द कळावेत अशी फारशी इच्छाही नव्हती. रंगमंचावर घडणारी गोष्ट आणि गायले जाणारे शब्द वेगळे ठेवायचे, हे त्याला हवंच होतं. मेटमध्ये पाठीमागे काही ओळींचा इंग्रजी अर्थ पडद्यावर दिसायचा, बाकी काही नाही. तिथे एरवी खुर्चीपुढे भाषांतराची छोटी पट्टी असते, ती या ऑपेरापुरती बंद. आम्ही सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त मजल्यावर होतो. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी माझ्याकडे बघून मोठ्या आशेने विचारलं, “तुम्हाला कळत असेल ना सगळं?” मी म्हटलं, “हो, थोडंथोडं.” खोटं होतं. आमचे हे पहिल्या अंकातच झोपले होते, त्यांना तर काही विचारायची सोय नव्हती.

पण गुटका घेऊन बसल्यावर जे दिसलं ते मेटमध्ये दिसलं नव्हतं. श्लोक कुठे बसवलाय हे बघण्यात खरी गंमत आहे. टॉलस्टॉय फार्मचा प्रवेश घ्या. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ सत्याग्रहींनी एकत्र राहून, स्वतः जमीन कसून, चपला शिवून काढलेला आश्रम. तिथे लोक गातात पाचव्या अध्यायातलं ‘सांख्ययोगौ पृथग्बालाः प्रवदन्ति न पण्डिताः’. ज्ञान वेगळं आणि काम वेगळं असं पोरं म्हणतात, शहाणे नाही. हातात कुदळ घेतलेल्या वकिलाच्या तोंडी याहून चपखल काय द्याल?

‘इंडियन ओपिनियन’ हा प्रवेश त्या नावाच्या साप्ताहिकाचा. ते १९०३ मध्ये सुरू झालं, नंतर डर्बनजवळच्या फिनिक्स वसाहतीत छापलं जाऊ लागलं. इथे तंतुवाद्यं छापखान्यासारखी चालतात, खटखट नाही, पण अखंड, पान मागून पान. त्यावर तिसऱ्या अध्यायातला ‘तस्मादसक्तः सततं कार्यं कर्म समाचर’. हा ‘सततं’ ऐकायला मी तीनदा मागे गेले. अंक वेळेवर काढायचा म्हणजे आसक्ती-अनासक्ती बाजूला, कंपोझिंग संपवा, असं काहीतरी त्यात आहे. परवाने जाळायच्या प्रवेशात बारावा अध्याय निघाला, ‘अद्वेष्टा सर्वभूतानां मैत्रः करुण एव च’. माझा, डब्याचा अध्याय! १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर कढईत घालून हजारोंनी आपली नोंदणीपत्रं पेटवली. त्या आगीजवळ ‘कुणाचाही द्वेष न करणारा’.

सगळ्यात जबरदस्त बसवणूक मात्र दुसऱ्या सीडीच्या सुरुवातीला. गांधी डर्बनला परततात, जमाव त्यांच्यावर धावून येतो, पोलीस अधीक्षकाच्या पत्नी मिसेस अलेक्झांडर आपली छत्री उघडून त्यांना सोडवतात. ऑपेरात साल १८९६ दिलंय. खरा हल्ला जानेवारी १८९७ चा. तर जमावाला दिलाय सोळावा अध्याय, आसुरी संपत्तीचा. ‘प्रवृत्तिं च निवृत्तिं च जना न विदुरासुराः’. आणि ‘इदमद्य मया लब्धम्’, हे आज मिळवलं, ते उद्या मिळवीन. मधूनमधून पुरुषांचा कोरस ‘हा हा हा’ करून हसतो, तेही तालात, स्वरात, पुन्हा पुन्हा. हेडफोनमध्ये ते हसू डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे गेल्यासारखं वाटतं. मी रात्री एकटी होते, हेडफोन काढून ठेवला आणि चहा केला.

मला बुकलेट मिळालं असतं तर मी हे सगळं शेजारी छापलेलं वाचत गेले असते आणि अर्ध्या तासात विसरले असते. दुकानदाराचे आभार मी तरीही मानणार नाही.

आणखी एक, जे गुटका शेजारी नसता तर सुचलंच नसतं. गीतेचा पहिला अध्याय म्हणजे आवाजच आवाज. ‘ततः शङ्खाश्च भेर्यश्च पणवानकगोमुखाः’, पाञ्चजन्य, देवदत्त, पौंड्र, नुसता कल्लोळ. ग्लासचा पहिला प्रवेश त्याच कुरुक्षेत्रावर आहे, आणि त्याच्या वाद्यवृंदात फुंकायची पितळी वाद्यं नाहीत, तालवाद्य एकही नाही. तंतुवाद्यं, लाकडी सुषिरवाद्यं आणि ऑर्गन, एवढंच. सेनांमध्ये रथ उभा आणि शंख गप्प. अहिंसेवरच्या ऑपेराला नगारा कशाला, असा विचार असेल किंवा नसेल, परिणाम मात्र तोच होतो. त्याचा एक तोटाही आहे. सगळा आवाज एकाच जाडीचा, रेशमी पण एकजिनसी, आणि दुसऱ्या अंकात कान शिणतो. १९८५ च्या या ध्वनिमुद्रणात ऑर्गन फारच पुढे आहे. कधी कधी बासऱ्या आणि ऑर्गन वेगळे करता येत नाहीत. प्रत्यक्ष प्रयोगात ते वेगळे ऐकू आले होते.

ग्लासचं नाव ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. जन्म ३१ जानेवारी १९३७, बाल्टिमोर. वडिलांचं तिथे रेडिओ-रेकॉर्डचं दुकान. जी रेकॉर्ड खपायची नाही ती वडील घरी आणून ऐकायचे, लोकांना त्यात काय खुपतं ते शोधायला; आणि ऐकता ऐकता त्यांना तेच नवं संगीत आवडायला लागलं. पोराने एकदा दुकानासाठी शॉनबर्गच्या स्ट्रिंग क्वार्टेटचे चार संच मागवले, त्यातला शेवटचा विकायला सात वर्षं लागली. जुन्या सीडींच्या ढिगात ग्लास सापडणं यात काहीतरी न्याय आहे असं मला ही गोष्ट आठवून वाटलं.

पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठ, मग न्यूयॉर्कची जुलिअर्ड ही संगीतशाळा, मग पॅरिसला नादिया बुलांजे या कडक बाईंकडे. पॅरिसमध्येच साधारण १९६५-६६ मध्ये एका चित्रपटाच्या कामात रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी नोटेशनमध्ये उतरवायचं काम त्याला मिळालं. सोबत तबल्याला अल्लारखाँ. ग्लासने लिहिताना सवयीने मात्रांमध्ये उभ्या रेघा मारल्या, आणि दर वेळी अल्लारखाँ सांगत की जोर चुकतोय. शेवटी त्याने रेघा खोडून टाकल्या आणि त्याला दोन-दोन, तीन-तीनचे पुंजके सलग वाहताना दिसले. ज्याला आपण लहानपणी टाळ्या देत मोजतो ते या माणसाला पॅरिसमध्ये रबर घेऊन सापडलं. त्याचं सगळं पुढचं संगीत त्या खोडलेल्या रेघांतून आलं म्हटलं तरी चालेल. शिकला किती हे तबलजींनी ठरवावं. आवर्तन त्याने घेतलं, सम घेतली नाही. त्याच्या संगीतात ‘आला!’ असं म्हणून मान डोलवायची जागा शोधू नका, मिळणार नाही. माझ्या भावाने, जो तबला वाजवतो, दहा मिनिटं ऐकून विचारलं, “ही माणसं पोचणार कधी?”

१९७६ मध्ये त्याचा ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा मेटच्या रंगमंचावर झाला, तिकिटं संपली, आणि तरीही कर्ज डोक्यावर घेऊन ग्लास न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवायला परत गेला. चाळिशीपर्यंत तो टॅक्सी चालवत होता, त्याआधी नळजोडणीची कामंही केली. रॉटरडॅम शहराने ‘सत्याग्रह’ लिहायला सांगितला त्या सुमारास ते दिवस संपले. मी रात्री टर्नपाइकवर असताना हे मनात येतं. मूर्खपणाच आहे, पण येतं.

आता तिसरी सीडी. माझ्या मते ११ डॉलर हिच्यासाठी. १९१३ चा दक्षिण आफ्रिकेतल्या न्यूकॅसलचा मोर्चा, संपावर गेलेले खाणकामगार आणि त्यांच्या बायका ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे निघालेल्या. प्रत्येक अंकावर एक मुका साक्षीदार असतो: पहिल्यावर टॉलस्टॉय, दुसऱ्यावर रवींद्रनाथ, तिसऱ्यावर मार्टिन ल्यूथर किंग. सीडीवर ते अर्थातच नाहीत, मुकी पात्रं ध्वनिमुद्रणात कशी येणार. मेटमध्ये किंग उंचावर पाठमोरा उभा होता, नुसते हातवारे करत, आणि खाली गांधी. ते दृश्य माहीत नसेल तर या सीडीचा पहिला भाग लांबलेला वाटेल. मला दृश्य माहीत होतं, तरी लांबलेला वाटला.

आणि मग शेवटचं गाणं. गांधी एकटे. आठ स्वर, खालून वर, एकामागून एक, पायऱ्या चढल्यासारखे. वर पोचलं की पुन्हा खालच्या पायरीवर. असं तीस वेळा. मुरक्या नाहीत, ताना नाहीत, उतरणही नाही, नुसता आरोह. शब्द चौथ्या अध्यायातले, ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन’, पुढे ‘यदा यदा हि धर्मस्य’. अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा आणि ही चढण आठ स्वरांची, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी चक्क बोटं मोजली.

ते स्वर कोणते? आम्ही हार्मोनियम कोठडीतून काढली, त्यावरची धूळ पुसली, आणि मी मागून मागून दाबत गेले. सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी, वरचा सा. भैरवी! पाश्चात्त्य संगीतात या स्वरांना फ्रिजियन म्हणतात आणि ग्लासच्या मनात भैरवी होती असा दावा मी करत नाही. पण रात्रभराच्या मैफलीत शेवटी काय गातात हे ज्याच्या अंगात भिनलंय, त्याला तीन अंकांनंतर हे स्वर ऐकून ‘झालं, आता उठायचं’ असं आपोआप वाटतं. आमचे हे, मेटमध्ये झोपलेले, हार्मोनियमचा आवाज ऐकून बाहेर आले आणि उभ्याउभ्या म्हणाले, “भैरवी कसली लावलीस सकाळी सकाळी?” त्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

फक्त आपल्या भैरवीत गायक उतरतो. वर जाऊन, वळून, लाडात येऊन खाली येतो, त्या उतरण्यातच तिचा सगळा जीव. इथे गांधी उतरतच नाहीत. तिसाव्या वेळी वरच्या सा-वर जातात आणि ऑपेरा संपतो. पेरी शेवटच्या काही चढणींत आवाज वाढवत नाही, हे मला फार आवडलं. दुसरा कुणी असता तर टाळीसाठी वाढवला असता.

मी मेटमध्ये गेले ते २०११ च्या नोव्हेंबरात. त्याच खेपेच्या शेवटच्या प्रयोगाला, १ डिसेंबरला, मेट जिथे आहे त्या लिंकन सेंटरबाहेर आर्थिक विषमतेविरुद्धच्या ऑक्युपाय चळवळीचे निदर्शक जमले होते. प्रयोग संपल्यावर ग्लास स्वतः बाहेर येऊन त्यांच्यात उभा राहिला आणि याच शेवटच्या ओळींचा इंग्रजी अर्थ म्हणून दाखवला. तो एक ओळ म्हणायचा, गर्दी ती मोठ्याने परत म्हणायची. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. आपली ‘यदा यदा हि’ पाठोपाठ म्हणायची पद्धत, आणि ती मॅनहॅटनमध्ये, थंडीत, पोलिसांच्या कठड्याशी. ते चुकलं याची चुटपुट अजून आहे.

तर घ्यावा का? ऑपेरा पहिल्यांदाच ऐकणार असाल तर या संचाने सुरुवात करू नका, आधी ग्लासचं ‘ग्लासवर्क्स’ ऐका, सहा छोटे तुकडे आहेत आणि कुणाला संस्कृत यावं लागत नाही. गीता थोडीफार पाठ असेल आणि एक रविवार मोकळा असेल तर जरूर घ्या, हेडफोन चांगले घ्या, पहिली सीडी अर्धी झाल्यावर कंटाळा येईल तो येऊ द्या. दुसऱ्यातला छापखाना आणि जमाव, तिसऱ्यातलं शेवटचं गाणं, एवढ्यावर पैसे वसूल. बुकलेटसकट मिळाला तर २५ डॉलरपर्यंत द्यायला मी तयार आहे, अजून शोधतेय. लाँड्रीची पावती चौथ्या अध्यायात खुणेला ठेवली आहे. आणि दुकानात पैसे देण्याआधी डबा उघडून बघा.